गिरणारे ते हरसूल : गावांनी मिळून बिनतारी इंटरनेटचे जाळे उभारायचे असेल तर आराखडा कसा असावा?

काश्यपीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. गिरणाऱ्याच्या टोमॅटो बाजारात आज फायबर आहे आणि अडत्यांपासून वाहतूकदारांपर्यंत सगळ्यांचे व्यवहार त्यावर चालतात. तेथून पुढे धोंडेगाव, देवरगाव, वाघेरा आणि घाटापलीकडे हरसूल असा जो पट्टा आहे, त्यातील मोठ्या गावांत मोबाईलचे टॉवर आहेत. परंतु वाड्या आणि पाडे डोंगरांच्या कुशीत वसलेले असल्यामुळे तेथे रेंज मिळवण्यासाठी माणसाला माळावर चढावे लागते. ई-पीक पाहणी बांधावर उभे राहून भरायची असते आणि नेमकी बांधावर रेंज नसते. रेशन दुकानातील ई-पॉस यंत्र अंगठा घेते आणि फिरत राहते. शाळेची आणि आरोग्य उपकेंद्राची माहिती भरायला शिक्षक व आशाताई गिरणाऱ्याला येतात.

आमच्या काही गावांतील मंडळींनी एकत्र येऊन स्वतःचे बिनतारी जाळे उभारावे, असा विचार चालला आहे. पहिल्या बैठकीत एक प्रस्ताव असा आला की, एखाद्या उंच गडावर एकच मोठा मनोरा उभारला म्हणजे सगळा पट्टा झाकला जाईल. दुसऱ्याचे म्हणणे असे की, घराघरावर छोटे राउटर बसवून त्यांची साखळी करावी. दोन्ही बाजूंनी आवेशाने बोलले गेले, पण हिशेब कोणी मांडला नाही. या विषयात काम केलेल्यांनी तांत्रिक बाजू, परवानग्या, वीज आणि पुढची देखभाल यांबद्दल सविस्तर लिहावे, ही विनंती.

लहरमापक

दोन्ही प्रस्ताव जसेच्या तसे चालणार नाहीत. कारणे क्रमाने सांगतो.

कोणते तरंग वापरता येतील, हे आधी पाहू. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला आणि २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झमधील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ खुले झाले. लांबच्या दुव्यांसाठी, म्हणजे दोन ठिकाणांमधल्या थेट बिनतारी जोडण्यांसाठी, त्यातील ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हा भाग आपल्या कामाचा आहे, कारण तेथे अँटेनाच्या लाभासह ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएम इतकी प्रभावी शक्ती वापरता येते. (डीबीएम हे एक मिलिवॅटच्या तुलनेत शक्ती सांगणारे माप; दर १० डीबीला शक्ती दहापट होते. अँटेना एका दिशेला जितकी शक्ती एकवटते तो तिचा लाभ, तो डीबीआयमध्ये मोजतात.) २.४ मध्ये घरोघरच्या राउटरांची इतकी गर्दी असते की गिरणाऱ्यासारख्या बाजारगावात त्यावर मुख्य दुवा टाकू नये. तो पट्टा पाड्यातील शेवटच्या वाटपासाठी ठेवावा.

आता १० किलोमीटरचा एक दुवा धरा. ५.८ गिगाहर्ट्झवर मोकळ्या अवकाशातच सुमारे १२८ डीबी इतकी घट होते. ३६ डीबीएमने पाठवले आणि समोर ३० डीबीआयची डिश असली, तर हाती साधारण उणे ६२ डीबीएम येतात. २० मेगाहर्ट्झच्या वाहिनीला यंत्राची स्वतःची खरखर उणे ९५ च्या आसपास असते. मधे ३० डीबीहून अधिक अंतर उरते, म्हणजे दुवा उत्तम चालतो. येथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. ३० डीबीआयची डिश लावल्यावर रेडिओची स्वतःची शक्ती ६ डीबीएमवर, म्हणजे ४ मिलिवॅटवर आणावी लागते, तरच एकूण मर्यादा पाळली जाते. मोठी डिश ऐकण्यासाठी लावायची असते, ओरडण्यासाठी नव्हे. रेडिओ पूर्ण शक्तीवर सोडून देण्याची सवय बेकायदा तर आहेच, शिवाय त्याने आपल्याच पुढच्या दुव्याचे नुकसान होते.

समोरची डिश दिसली म्हणजे झाले, असेही नाही. दोन अँटेनांमधली लांबट, मध्यभागी फुगीर जागाही मोकळी असावी लागते. १० किलोमीटरच्या दुव्यात मध्यावर या जागेची त्रिज्या ११ मीटरहून थोडी अधिक असते आणि तिचा किमान ६० टक्के भाग, म्हणजे जवळपास ७ मीटर, झाडे व डोंगरकडा यांपासून मोकळा हवा. त्यात पृथ्वीच्या वक्रतेचा दीड मीटर मिळवा. दुवा २० किलोमीटरचा केला तर वक्रताच सुमारे ६ मीटर आणि मोकळी जागा साडेनऊ मीटर लागते. म्हणून गिरणारे ते हरसूल एका उडीत जाण्याचा विचार सोडून द्यावा. मधे वाघेऱ्याचा डोंगर आहे, तो नकाशा न पाहताही दिसतो.

गडावरचा एकच मनोरा हा मोह सगळ्यांना होतो. उंचावरून दूरवर दिसते हे खरे. पण आपल्याकडील डोंगरांचे कडे उभे आहेत आणि पायथ्याशी व पलीकडच्या उतारावर असलेले पाडे नेमके सावलीत जातात. त्यात वीज वर न्यायची, पावसाळ्यात दुरुस्तीला चढायचे, आणि गड पुरातत्त्व किंवा वन खात्याच्या अखत्यारीत असला तर परवानगीची वाट पाहायची. अंजनेरी तर संवर्धन राखीव क्षेत्र आहे, त्याचे नावही काढू नये.

घराघरांच्या साखळीचा दोष वेगळा आहे. एकाच रेडिओने ऐकायचे आणि त्याच वाहिनीवर पुढे पाठवायचे असेल, तर प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. तीन टप्प्यांनंतर आठवा हिस्सा उरतो, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. त्यामुळे मुख्य कणा एकास एक अशा दिशादर्शी दुव्यांचा असावा, प्रत्येक दुव्याला स्वतंत्र रेडिओ आणि स्वतंत्र वाहिनी असावी, मोठ्या गावातून भोवतालच्या पाड्यांकडे ९० किंवा १२० अंशांची सेक्टर अँटेना असावी आणि साखळी फक्त पाड्याच्या आत, घरे जवळजवळ असतील तेथे वापरावी.

वाघेराघाट

माहिती उत्तम आहे. आम्ही घाटाच्या वरच्या अंगाला राहतो, म्हणून एक शंका विचारतो. आजवर नाशिककडून जे काही निघाले, ते गिरणाऱ्यात भरपूर पोहोचले, धोंडेगावात पुरेसे पोहोचले आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर संपले. या जाळ्याचेही तसेच होणार नाही, याची हमी आराखड्यात कोठे आहे? शिवाय डिश वाऱ्याने फिरली तर ती सरळ करायला नाशिकहून माणूस येणार असेल, तर पावसाळ्याचे चार महिने जाळे बंदच समजावे.

खांबावरचा

मी खांबांवर आणि गच्च्यांवर चढून हीच कामे करतो, त्यामुळे कागदावरचे डीबी बाजूला ठेवून चार गोष्टी सांगतो.

पावसाने ५.८ गिगाहर्ट्झचा दुवा तुटत नाही. त्र्यंबककडचा धोधो पाऊसही या तरंगांना फारसा अडवत नाही. ६० गिगाहर्ट्झची यंत्रे कोणी विकायला आला तर मात्र त्याला नमस्कार करून वाटेला लावावे, ती यंत्रे एका मोठ्या सरीत बसतात. आपला दुवा तुटतो तो पाणी जोडणीत शिरल्याने. केबल वरून सरळ रेडिओत घातली की पाणी तिच्या अंगाने उतरत थेट सॉकेटमध्ये जाते आणि पितळी टोके हिरवी पडतात. केबलला रेडिओच्या खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. जोडणीवर आधी स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी खालून वर अशी ओढून गुंडाळायची आणि तिच्यावर उन्हाने न तडकणारी टेप. बाहेरची केबल काळ्या आवरणाची आणि आतून धातूच्या पडद्याची घ्यावी. घरातली राखाडी केबल दोन उन्हाळ्यांत भुगा होते. वानरे केबलला लोंबकळतात, म्हणून ती खांबाच्या आतून किंवा लोखंडी नळीतून न्यावी.

मनोऱ्याचा खर्च करण्याआधी गावातील उंच पाण्याच्या टाक्या पाहा. ग्रामपंचायतीची टाकी मुळातच उंच जागी बांधलेली असते, पक्की असते, तिला शिडी असते आणि मालकीचा वाद नसतो. वर तीन मीटरची जस्तलेपित नळी उभी केली, तिला तीन बाजूंनी ताण दिला की काम भागते. टाकीच्या झाकणावर मात्र काही बांधू नये. टाकी धुणाऱ्याला त्रास झाला की तो एक दिवस सगळे सोडून ठेवतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

विजेबद्दल अधिक लिहितो, कारण जाळी तेथेच मरतात. तमिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाच्या थेनी केंद्राने खेड्यांतील दृष्टी केंद्रांशी लांब पल्ल्याच्या वाय-फायने दुवे जोडले होते आणि धरमशालेला एअरजाल्डीचे जाळे होते. या दोन्हींवर काम केलेल्या अभियंत्यांचा २००८ चा अनुभव असा की, बिघाडांचे मोठे कारण रेडिओ किंवा अंतर नसून वाईट दर्जाची वीज होते. दाब एकदम चढल्याने यंत्रे जळत आणि फार उतरल्याने अर्धवट चालू राहून त्यांची स्मृती बिघडे. आपल्याकडे गावठाणाच्या वाहिनीवर असणारी टाकी बरी. शेतीच्या वाहिनीवर एका आठवड्यात दिवसा काही तास आणि पुढच्या आठवड्यात रात्री काही तास, असा खेळ असतो. म्हणून यंत्रे थेट विजेवर कधीही चालवू नयेत. विजेने किंवा सौर पॅनेलने बॅटरी भरावी आणि यंत्रे बॅटरीवर चालवावीत, तीही ठरावीक दाबाखाली आपोआप तुटणाऱ्या नियंत्रकातून.

सौर पॅनेलचा हिशेब विक्रेते उन्हाळ्यावर करून देतात. एका टाकीवर तीन रेडिओ प्रत्येकी ८ वॅटचे आणि राउटर-स्विच ६ वॅटचा, असे ३० वॅट धरले तर दिवसाला ७२० वॅट-तास लागतात. हिवाळ्यात पाच तासांचे चांगले ऊन मिळाले आणि ३० टक्के घट धरली, तर २०० वॅटचे पॅनेल कसेबसे पुरते. श्रावणात अडीच तास मिळाले तरी खूप, तेव्हा तेच पॅनेल ४०० वॅटचे लागते. दोन दिवस अजिबात ऊन नाही असे धरले आणि बॅटरी २० टक्क्यांखाली उतरू द्यायची नसेल, तर १२ व्होल्टची लिथियम फॉस्फेट बॅटरी सुमारे १४० अँपिअर-तासांची हवी. अर्धे पॅनेल घेऊन पैसे वाचवणारे जुलैत फोन करतात.

विजांचे बोलायचे तर मे महिन्यातील वळवाच्या आणि ऑक्टोबरमधील परतीच्या पावसात धोका सर्वांत अधिक. नळीला स्वतंत्र जाड तांब्याची पट्टी देऊन ती जमिनीत पुरलेल्या अर्थिंगला जोडावी आणि केबलच्या दोन्ही टोकांना दाबाची उसळी अडवणारे सर्ज संरक्षक लावावेत. प्रत्यक्ष वीज पडली तर काहीच वाचत नाही. हे सगळे आसपास पडणाऱ्या विजेसाठी आहे.

नियमावली

परवानग्यांविषयी थोडक्यात लिहितो. तरंग परवानामुक्त आहेत, याचा अर्थ इंटरनेट विकण्याला परवाना लागत नाही असा होत नाही. या दोन गोष्टींची बैठकांमधून हमखास गल्लत होते. रेडिओ यंत्राला केंद्राच्या वायरलेस विभागाची प्रकार-मान्यता असली पाहिजे, ती खरेदीच्या वेळीच तपासावी. गावकऱ्यांना पैसे घेऊन जोडणी द्यायची असेल, तर दोन वाटा आहेत. एक तर जिल्ह्यापुरता परवाना असलेल्या स्थानिक इंटरनेट सेवादाराशी करार करावा. उभारणी आणि देखभाल तुमची, ग्राहकाची कायदेशीर जबाबदारी त्याची. दुसरी वाट पीएम-वाणी या केंद्राच्या सार्वजनिक वाय-फाय योजनेची. या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मान्यता दिली. तिच्यात किराणा दुकानदारसुद्धा सार्वजनिक डेटा कार्यालय, म्हणजे वाय-फाय पुरवणारे छोटे केंद्र, चालवू शकतो, त्याला परवाना किंवा नोंदणी लागत नाही. अशी अनेक केंद्रे सांभाळणाऱ्या संस्थेला मात्र नोंदणी करावी लागते, आणि वापरकर्त्याची ओळख पटवणे व नोंदी ठेवणे हे तिच्याकडे असते. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने असे ठरवले की, २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजना या केंद्रांना घरगुती दराच्या दुपटीहून अधिक दराने देता येणार नाहीत. त्याआधी व्यावसायिक लीज लाइनचे, म्हणजे भाड्याच्या स्वतंत्र जोडणीचे, दर सांगितले जात आणि छोटी केंद्रे तेथेच गळत.

माझे मत असे की, पाड्यातील चावडी, शाळा आणि दुकान येथे वाणीची केंद्रे असावीत आणि गावागावांमधला कणा सेवादाराशी केलेल्या कराराखाली ठेवावा. गावापलीकडे वाहतूक नेणे हे काम हॉटस्पॉट चालवण्याच्या व्याख्येत ओढूनताणून बसवू नये.

एक स्थानिक बाब. हा पट्टा बराचसा अनुसूचित क्षेत्रात येतो, तेथे ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. टाकी, गायरान किंवा शाळेचे छप्पर वापरायचे असेल, तर सरपंचांच्या तोंडी होकारावर न राहता ग्रामसभेचा ठराव घ्यावा. महावितरणच्या खांबांना लेखी परवानगीशिवाय केबल बांधू नये.

पाटकरी

वाघेराघाट यांनी विचारलेला प्रश्न मला या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर रेडिओत शोधून मिळणार नाही.

आमच्या दिंडोरी तालुक्यात वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था आहेत. ओझरला १९९० च्या दशकात बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने हे काम उभे राहिले. त्याआधी कालव्याच्या तोंडाशी असलेल्यांची शेते तुडुंब आणि शेवटच्या टोकाची कोरडी, हे नेहमीचे चित्र होते. संस्थांनी पाणी मोजून घ्यायला आणि शेवटाकडून सुरुवात करून द्यायला सुरुवात केली. टोकाचे भिजले की मग वरचे. तोंडाशी असलेल्याला पाणी कसेही मिळतेच, म्हणून नियम टोकासाठी करावा लागतो.

इंटरनेटच्या जाळ्याचेही असेच आहे. गिरणाऱ्यात २०० एमबीपीएस घेतले आणि वाटपाला काहीच नियम लावला नाही, तर संध्याकाळी गिरणाऱ्यातील व्हिडिओ ते गिळून टाकतील. म्हणून आराखडा उलट्या टोकाने मांडावा. हरसूलच्या बाजूच्या शेवटच्या पाड्याला संध्याकाळी आठ वाजता किमान किती मिळायला हवे, ते आधी ठरवा. ते तेथवर पोहोचवायला वाघेऱ्याचा दुवा किती मोठा हवा, त्यासाठी धोंडेगावचा किती आणि त्यातून गिरणाऱ्यात मुळात किती विकत घ्यायचे, असे मागे मागे या. पैशाचा हिशेबही तसाच करावा. टोकाच्या पाड्याची जोडणी महाग पडते म्हणून तिचा दर चढा ठेवला, तर तो पाडा बाहेरच राहील. सर्वांचा दर एकच असावा आणि दर महिन्याला त्यातून ठरावीक रक्कम बॅटरी बदलण्यासाठी वेगळ्या खात्यात जावी. अनुदानातून उभे राहिलेले जाळे पहिल्या बॅटरीपर्यंत चालते.

अशी जाळी गावांनी चालवल्याचे दाखले आहेत. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात गुइफी हे जाळे २००४ मध्ये ओसोना या ग्रामीण भागातून सुरू झाले आणि आज त्याची ३५ हजारांहून अधिक केंद्रे आहेत. जो यंत्र लावेल त्याची त्यावर मालकी, पण जाळे सर्वांना खुले, असा त्यांचा करार आहे. आपल्या शेजारी पालघर जिल्ह्यात मुंबई आयआयटीच्या ग्राममार्ग प्रकल्पाने टीव्हीच्या रिकाम्या तरंगपट्ट्याचा वापर करून खेडी जोडून पाहिली, त्याला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. ते तरंग झाडोऱ्यातून बरे जातात, पण त्यांना परवानगी लागते, त्यामुळे आपल्याला ते आज उपयोगाचे नाहीत.

लहरमापक

पाटकरी यांचा मुद्दा मान्य आहे आणि तो यंत्रात बसवताही येतो. वाघेऱ्यापलीकडे १५० घरे धरा. संध्याकाळच्या गर्दीत प्रत्येकी सरासरी १.५ एमबीपीएस मोजले, तर २२५ लागतात. म्हणजे पाटकरींनी धरलेली २०० एमबीपीएसची एक जोडणी एकट्या शेवटच्या भागालाही अपुरी आहे. गिरणाऱ्याच्या राउटरवर पुढच्या प्रत्येक टप्प्यासाठी हमीचा वाटा राखून ठेवता येतो. तो वापरात नसेल तेव्हा इतरांना मिळतो, मागणी आली की परत जातो.

मात्र त्याहून चांगला उपाय म्हणजे दोन्ही टोकांनी पाणी सोडणे, जर पाटकरींची भाषा वापरायची तर. भारतनेट ही केंद्राची फायबर ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याची योजना २०११ पासून चालू आहे. हरसूल ही मोठी बाजारपेठ आहे. तेथे भारतनेटची किंवा अन्य कोणाची चालू जोडणी मिळत असेल, तर जाळ्याला दुसरे तोंड मिळते. रस्त्याच्या कामात जेसीबीने गिरणाऱ्याकडची तार तोडली, तरी सगळा पट्टा मग अंधारात जाणार नाही.

वाघेराघाट

हरसूलला चौकशी करतो. दुरुस्तीचे काय, ते अजून कोणी सांगितले नाही.

खांबावरचा

प्रत्येक टाकीच्या गावातील दोन जण शिकवून तयार करावेत, एक नव्हे. एकाचे लग्नकार्य आणि कांद्याची लागवड नेमकी बिघाडाच्या दिवशी येते. वायरमनचे किंवा मोटार रिवाइंडिंगचे काम करणारे तरुण यात लवकर तयार होतात. त्यांना महिन्याला ठरलेले मानधन द्यावे, बिघाडागणिक देऊ नये, नाहीतर बिघाड वाढतात. डिश जुळल्यावर नळीवर आणि पकडीवर रंगाची एकच सलग रेघ ओढून ठेवली, तर वाऱ्याने ती किती फिरली ते खालूनही कळते आणि ती जागेवर आणायला मीटर लागत नाही. दर पाच रेडिओंमागे एक तयार करून ठेवलेला सुटा रेडिओ वाघेऱ्यातच असावा, नाशिकच्या कपाटात नसावा.

काश्यपीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. गडावरील मनोऱ्याचा प्रस्ताव मागे घेतो आहोत. पुढच्या बैठकीत टाक्यांची यादी, शेवटच्या पाड्यापासून मांडलेला हिशेब आणि ग्रामसभांच्या ठरावांचा मसुदा ठेवू. पाहणी मार्च-एप्रिलमध्ये, शेतीची कामे हलकी असताना करावी, असा विचार आहे.

लहरमापक

मार्च-एप्रिल नको. तेव्हा सागाची पाने झडलेली असतात आणि जो दुवा मोकळा दिसतो तो जुलैत ओल्या पानांनी बुजतो. उंचीच्या उपग्रही नकाशांतही झाडे नीट धरलेली नसतात. पाहणी पाऊस उघडताच, सप्टेंबरच्या शेवटी करा. प्रत्येक टाकीवरून समोरच्या टाकीचे दुर्बिणीतून छायाचित्र घ्या आणि मधे जे झाड येते, त्याला पुढील पाच वर्षांची वाढ धरून नळीची उंची ठरवा.

वाघेराघाट

सप्टेंबरअखेर चालेल. वाघेऱ्याच्या टाकीची किल्ली आणि शिडीची दुरुस्ती आमच्याकडे लागली. पाहणीची सुरुवात मात्र आमच्या टोकापासून करावी.